ब्रेक उशिरा लागतो

शुक्रवारी दुपारी बाजाराच्या दारातल्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी क्लेम नोस्केची पिकअप थांबली, पण जिथे थांबायला हवी होती तिथे नाही, हातभर पुढे. बंपरचा कोपरा एका बाईच्या सामानाच्या ढकलगाडीला लागला, ढकलगाडी तिरकी झाली आणि वरच्या पिशवीतली संत्री रस्त्यावर घरंगळत गेली. एवढंच झालं. कुणाला खरचटलं नाही, कशाला पोचा आला नाही. क्लेम खाली उतरून वाकून संत्री गोळा करायला लागला तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या हो, होतं असं कधीकधी." ती ओरडली असती, डोळे फुटलेत का म्हणाली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिने आधी त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याचे पांढरे केस पाहिले, आणि मग तो मऊ आवाज काढला. मागे गाड्यांची रांग लागली होती आणि त्यातल्या एकानेही हॉर्न वाजवला नव्हता. तरुण माणसाला लोक हॉर्न वाजवतात. त्याने शेवटचं संत्रं तिच्या हातात दिलं, गाडीत येऊन बसला आणि पेडल दाबून पाहिलं. पेडल घट्ट होतं. तरीही, ब्रेक उतरलेत, तो मनाशी म्हणाला. बसवून किती वर्षं झाली.

पाय वेळेवर पडला होता याबद्दल त्याला शंका नव्हती. बाई पट्ट्यांवर आली, त्याला दिसली, त्याने दाबलं. या तीन गोष्टी त्याला एकामागून एक स्वच्छ आठवत होत्या, आणि त्यांच्यामध्ये कुठे फट असेल तर ती त्याला सापडत नव्हती. घरी आल्यावर बायकोने, कॉरलने, विचारलं, "इतका वेळ?" त्यावर तो "रांग होती" म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. तिने चहाचा कप पुढे केला. कप घ्यायला त्याचा हात जरा उशिराच गेला असावा, कारण ती म्हणाली, "घे की. तुझं सगळं हल्ली टपालाने येतं का रे?" हा तिचा गेल्या हिवाळ्यापासूनचा विनोद होता. तो नेहमीसारखा हसला. रात्री अंथरुणात त्याने पुन्हा ती बाई आठवली, आणि या वेळी तिच्या जागी त्याला दुसरंच कुणी दिसायला लागलं, म्हणून तो कुशीवर वळला आणि सकाळी गाडीच्या सामानाच्या दुकानातून काय काय आणायचं याचा विचार करू लागला. पुढच्या दोन्ही चाकांच्या डिस्क, पॅड, ब्रेक ऑईल, ग्रीस. सोमवारच्या आत सगळं झालं पाहिजे होतं.

सोमवारी तो टिलीला शाळेतून आणत असे. टिली म्हणजे त्याची नात, जोडी नावाच्या त्याच्या मुलीची मुलगी, दुसरीत होती. जोडी सोमवारी उशिरापर्यंत कामावर असते, तेव्हा शाळा सुटल्यावर फाटकापाशी उभं राहायचं ते क्लेमने. फाटकातून ती धावत यायची, दप्तर मागच्या हौद्यात भिरकवायची आणि त्याच्या शेजारी चढून बसायची. मग बेकरी, मग घर. वाटेत ती एकसारखी बोलायची आणि सिग्नलला उभं राहिलं की मध्येच बोलणं तोडून आजोबाला सांगायची, "पॉप, हिरवा झालाय." मग पुन्हा तिची गोष्ट पुढे. पोरीला घाई असते, असं तो समजत होता. निवृत्त झाल्यापासून त्याची कुणाला नेमाने गरज पडते असा आठवड्यातला तेवढाच एक दिवस उरला होता, आणि तो जाईल या कल्पनेला तो घाबरत होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते वाटतही नव्हतं. एका धट्ट्याकट्ट्या माणसाने पोरीला शाळेतून आणायच्या कामाला असं चिकटून राहावं, हे जरा हास्यास्पदच.

त्यातून तो ब्रेकचा माणूस होता. सगळी नोकरी त्याने ॲडलेडच्या सिटी बस चालवण्यात काढली होती. त्याला बस शिकवणारा व्हर्न नावाचा एक लठ्ठ, घामट माणूस होता. तो शेजारी उभा राहून सांगायचा, "मागं एक म्हातारी विणत बसलीय असं समज. तुझ्या ब्रेकनं तिचा टाका सुटला तर तू ड्रायव्हर नाहीस, खाटीक आहेस." क्लेमने ती म्हातारी मनात कायमची बसवून घेतली. आपला ब्रेक कुणाला कळत नाही याचा त्याला एक गुप्त, पुरुषी अभिमान होता. लोक उभ्याने पेपर वाचत येत, बस थांबली हे त्यांना दार उघडल्यावर कळे. हात सोडून उभा राहिलेला माणूस आरशात दिसला की क्लेमला आपली कुणीतरी स्तुती केल्यासारखं वाटायचं. इतरांच्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसायची पाळी आली की तो ओठ आवळून बसे, आणि बस हिसका देऊन थांबली की कॉरल त्याच्या कानाशी म्हणे, "गेला बघ टाका." अशा माणसाच्या पायावर शंका घ्यायची तर मग विश्वास तरी कशावर ठेवायचा? त्यापेक्षा लोखंडावर शंका घेणं सोपं होतं. लोखंड झिजतं, हे सगळ्यांनाच मान्य आहे.

शनिवारी सकाळी सामानाच्या दुकानातल्या मुलीने, जिच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत फुलं गोंदलेली होती, गाडीचं मॉडेल विचारलं आणि मग सहज म्हणाली, "होतंय काय? कर्रकर्र आवाज येतोय?"

"नाही."

"पेडल थरथरतं? गाडी एका बाजूला ओढते?"

"नाही. उशिरा लागतो."

"उशिरा म्हणजे?"

"म्हणजे दाबल्यावर जरा वेळाने."

ती हसली, पण चांगुलपणाने. "ब्रेक उशिरा लागत नाही राव. एक तर लागतो, नाहीतर नाही लागत."

"तू दे," क्लेम म्हणाला. तिने खोकी काउंटरवर ठेवली. डिस्कची खोकी जड होती आणि ती उचलताना त्याला हायसं वाटलं. एवढ्या वजनाच्या वस्तूने काहीतरी फरक पडणारच.

घरापुढच्या सिमेंटच्या उतारावर, जिथे तो आजवरच्या प्रत्येक गाडीखाली झोपला होता, त्याने पिकअप लावली. हिवाळ्याचं फिकं ऊन पडलं होतं. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग जॅकशेजारी स्टँड. काढलेलं चाक त्याने गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवलं, जॅक आणि स्टँड दोन्ही दगा देतील त्या दिवसासाठी. ही सगळी कामं हात आपोआप करत होते आणि तो त्यांच्याकडे जरा लांबून, परीक्षकासारखा बघत होता. नट काढताना उशीर झाला का? नाही. पाना निसटला, तेव्हा हात मागे घ्यायला? बोटाचं साल निघालं. पण ते कुणाचंही निघतं. आता आत दिसेल, असं म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि डिस्कला चिमट्यासारखा धरणाऱ्या कॅलिपरचे दोन बोल्ट काढून ते धूड बाजूला घेतलं. रबरी नळीवर त्याचा भार पडू नये म्हणून कपड्याच्या जुन्या हँगरची तार वाकवून स्प्रिंगला टांगलं. मग पॅड बाहेर काढले आणि उन्हात धरले. पॅडमध्ये निम्म्याहून जास्त माल शिल्लक होता.

त्याने दुसरा पॅड पाहिला. तोही तसाच, आणि दोन्ही सारखे झिजलेले, म्हणजे कॅलिपर कुठे अडकत नव्हता. डिस्कवर त्याने नख फिरवलं. कडेला किंचित कंगोरा होता, बाकी गुळगुळीत. नळी वाकवून बघितली, भेग नाही. पिस्टनभोवती ओल नाही. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या त्याने बोटाने ढकलल्या आणि त्या ग्रीसमध्ये इतक्या सुखाने सरकल्या की त्याला त्यांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच आपली वस्तू बिघडलेली असावी असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि वस्तू धडधाकट होती. तो तसाच टाचांवर बसून राहिला. मॅगपाय पक्षी तारेवर बसून घसा साफ केल्यासारखे गात होते. दुसऱ्या बाजूच्या चाकात असेल, तो म्हणाला, आणि त्याने हे मोठ्याने म्हटलं असावं, कारण पाठीमागून आवाज आला, "काय असेल?"

हा डेस. पलीकडच्या घरातला, पोरवयात बोटीतून आलेला इंग्रज, म्हातारा झाला तरी इथल्या उन्हाबद्दल रोज नव्याने तक्रार करणारा. या गल्लीत कुणाचं बॉनेट उघडलं की पुरुषमाणसं हातात कप घेऊन जमतात, मदतीला नव्हे, मत द्यायला. आणि शनिवारी जमणं तर कर्तव्यच.

"काय रे क्लेम, चोरांचं काम हलकं करतोयस का? चाक काढून ठेवलंयस ते."

"ब्रेक."

"काय झालं ब्रेकला?"

"बदलतोय."

"ते दिसतंय मला. झालंय काय, म्हणतो मी." डेसने कप सिमेंटवर ठेवला, खोकत खाली वाकला आणि पॅड उचलला. "अरे, यात अजून दोन वर्षांचा माल आहे! हा टाकायला निघालास? माझ्या गाडीला बसत असता तर आत्ता खिशात घालून नेला असता."

"वरून कडक झालाय. काचेसारखा."

डेसने अंगठा फिरवला. पॅड काचेसारखा झाला नव्हता आणि ते दोघांनाही कळत होतं. या गल्लीत माणसाच्या दारूवर, बायकोवर आणि मतदानावर बोललं तरी चालतं, पण त्याने काढलेल्या गाडीच्या निदानावर फार खोलात जायचं नसतं. "असेल बुवा," डेस म्हणाला. "बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"नाही, विचारलं आपलं." मॅचची वेळ झाली म्हणून तो निघून गेला. जाताना पॅड त्याने जिथून उचलला होता तिथेच, अगदी तसाच ठेवला.

दुसऱ्या बाजूच्या चाकातही काही नव्हतं. मग क्लेमने डोकं बंद केलं आणि नवं बसवायला घेतलं. जुनी डिस्क गंजून चिकटली होती. तिच्यावर हातोडा घालताना मात्र त्याला बरं वाटलं. नव्या डिस्कवरचं तेल पुसलं, पिनांना ग्रीस लावलं, पिस्टन शिकंज्याने हळूहळू आत दाबले, नवे पॅड बसवले. नवं लोखंड राखाडी, चकचकीत, कोणत्याही आठवणी नसलेलं होतं. खरं तर आता काम संपलं होतं. ऑईलची नळी कुठे उघडलेली नव्हती, त्यामुळे ब्रेकमध्ये हवा शिरायचा प्रश्नच नव्हता. हे डेसच काय, त्या फुलं गोंदलेल्या मुलीनेही सांगितलं असतं. पण हातात सामान संपलं आणि शंका उरली, तेव्हा क्लेमला वाटलं की हवा आहे. आतल्या आत, कुठेतरी, जुनी. हवा दाबली जाते, तिला दाबायला क्षण लागतो, तो क्षण म्हणजे शुक्रवार. हे इतकं पटण्यासारखं होतं की तो जवळजवळ आनंदाने उठला, आणि उठताना त्याची कंबर धरली. दारातून त्याने हाक मारली, "कॉरल, पेडलवर येतेस का?"

पेडल हे कॉरलचंच होतं. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी, दुसरं वर सीटवर. खालचा म्हणतो 'दाब', वरचा दाबतो, दाबून धरतो आणि सांगतो 'दाबलं'. मग खालचा बारीक बोल्ट सैल करतो, ऑईलबरोबर हवेचे बुडबुडे नळीतून बाहेर पडतात, तो बोल्ट आवळतो आणि म्हणतो 'सोड'. वरचा सोडतो आणि म्हणतो 'सोडलं'. आवळायच्या आधी पाय उचलला की हवा आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. लग्नाआधी तिच्या वडिलांच्या अंगणात ती पहिल्यांदा पेडलवर बसली तेव्हा तिने माशी हाकलताना पाय उचलला होता, आणि खालून क्लेमने जी शिवी हासडली ती ऐकून ती वरून म्हणाली होती, "पुन्हा असं बोललास तर पेडलही तूच दाब आणि लग्नही एकट्यानेच कर." त्यानंतर किती गाड्या झाल्या. ती पोटुशी असताना पेडलवर बसली होती, भांडण होऊन अबोला धरला असताना बसली होती. तिची आई वारली त्या आठवड्यातसुद्धा ती बसली होती, डोळे पुसत, दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. एवढ्या वर्षांत ते दोघे एकमेकांशी सर्वांत नीट बोलले असतील तर ते ब्रेकची हवा काढताना. त्यात कुणी काही जास्तीचं बोलत नाही आणि न बोललेलं काही उरत नाही.

कॉरल हात पुसत बाहेर आली, त्याला असा अर्धवट वाकलेला बघून थांबली. "कंबर गेली?"

"गेली नाही. धरलीय."

"मग खाली कसा झोपणार तू? आण तो पाना. मी बघते खालचं, तू बस वर."

"तुला जमायचं नाही."

"आयुष्यभर खालून शिव्या ऐकल्यात मी. आता मला देऊ दे." तिने बागेतले हातमोजे घातले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर चाकापाशी बसली. जॅमच्या बरणीत त्याने पारदर्शक नळीचं टोक सोडून दिलं, दुसरं टोक बोल्टवर बसवून दिलं, आणि तो सीटवर चढला. आपल्याच गाडीत या कामासाठी या जागेवर तो कधी बसला नव्हता. काचेतून समोर गॅरेजचं दार दिसत होतं आणि कॉरल अजिबात दिसत नव्हती. नुसता तिचा आवाज, चाकाच्या पोकळीतून आल्यासारखा. वर बसणाऱ्याला खालचं काही दिसत नाही. शब्दावर भरवसा ठेवायचा आणि दाबायचं. कॉरल इतकी वर्षं हेच करत आली होती आणि त्याला हे आज समजत होतं.

"दाब," ती म्हणाली.

"दाबलं."

खालून काहीच ऐकू आलं नाही. मग बरणीत ऑईल पडल्याचा आवाज आला. "सोड."

"सोडलं."

पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा ती 'दाब' म्हणाली, तो 'दाबलं' म्हणाला, आणि त्यानंतर 'सोड' आलंच नाही. त्याने वाट पाहिली. "काय झालं? बुडबुडे आहेत ना?"

"बुडबुडे नाहीत."

"एकही नाही?"

"नाही. साफ आहे." मग तोच सरळ आवाज. "क्लेम, तू आधी दाबलं म्हणतोस आणि मग दाबतोस."

"काहीतरीच काय."

"तू म्हणतोस तेव्हा मी बोल्ट उघडते. तेव्हा काही येत नाही, थेंबभर. मग येतं."

"बोल्ट उशिरा उघडत असशील."

"बरं. पुन्हा कर."

त्याने पुन्हा केलं. या वेळी त्याने आपल्या पायाकडे बघत केलं. 'दाब' हा शब्द आला, त्याला तो ऐकू आला, त्याने दाबलं. त्याला आतून अगदी स्पष्ट जाणवलं की दाबलं, मांडीतल्या स्नायूपासून घोट्यापर्यंत, एका पूर्ण झालेल्या कृतीसारखं, आणि तोंडाने ते जाहीरही केलं. आणि त्याच वेळी तो बुटाकडे बघत होता आणि बूट हलला नव्हता. मग हलला. बूट शांतपणे, आपल्याला कुणी बोलावलं आहे हे आत्ताच कळल्यासारखा पुढे गेला आणि पेडल खाली नेलं. खाली बरणीत ऑईल पडलं. त्याने स्टिअरिंग धरलं आणि त्याला वाटलं, आपण कितीतरी दिवसांपासून दाबल्याची जाणीव आणि बूट या दोघांच्या मध्ये कुठेतरी राहत असू, जिथे सगळं करून झालेलं आहे आणि अजून काहीच सुरू झालेलं नाही.

"सोड," कॉरल म्हणाली. तिने त्याला घाई केली नाही. "सोडलं," तो म्हणाला, तेव्हा त्याने आधी पाय वर आलेला बघितला आणि मग म्हटलं.

चाकं बसवताना ती जवळ उभी राहून नट देत होती. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, ते त्याने बरोबर केलं. तिने विचारावं असं त्याला वाटत होतं, आणि विचारलं असतं तर तो चिडला असता हेही त्याला ठाऊक होतं. पिस्टन मागे सारल्यावर पहिल्यांदा गाडी हलवण्याआधी पेडल दाबून दाबून वर आणावं लागतं. ते त्याने केलं, आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. आता उरलं होतं नवे पॅड डिस्कवर बसवणं. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक लावायचा, पण पूर्ण थांबायचं नाही, सोडायचं, पुन्हा वेग. हे नेहमी तो एकटाच करायला जायचा, मिठागरांकडच्या रस्त्यावर, आणि परत येताना बेकरीतून काहीतरी घेऊन यायचा. त्याने किल्ली खिशातून काढली. कॉरल नेहमी जिथे बसते त्या बाजूला न जाता ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन उभी राहिली. हातमोजे अजून तिच्या हातातच होते. तिने किल्ली मागितली नाही, हात पुढे केला नाही. ती नुसती उभी होती आणि तिचा चेहरा घाबरलेला होता. त्याला घाबरलेला, की त्याच्यासाठी, हे त्याला ठरवता येईना.

"मी चालवते," ती म्हणाली. "तू सांग कधी दाबायचं ते."

तो शेजारच्या सीटवर सरकला.

मिठागरांकडचा रस्ता सरळ, सपाट आणि शनिवारी रिकामा असतो. दोन्ही बाजूंना उथळ पाणी, खारट चिखलाचा वास, लांब कुठेतरी पक्षी एका पायावर. डाव्या बाजूच्या सीटवरून आपली गाडी त्याला दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. कॉरलने वेग घेतला आणि त्याच्याकडे न बघता वाट पाहिली. "दाब," तो म्हणाला, आणि गाडीने तत्क्षणी नाक खाली केलं. पट्टा त्याच्या छातीत रुतला. नव्या पॅडचा करपट वास आत आला. "सोड." पुन्हा वेग. "दाब." ब्रेक उत्तम होते. जुनेही उत्तमच होते. तो ब्रेकबद्दल विचार करायचं सोडून तिच्याकडे बघत होता. ती ओठ दाबून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, एखादं काम नीट करायचं असलं की बसते तशी बसली होती. मग पुढच्या वेळी त्याच्या लक्षात आलं की आपणही दाबतोय. शेजारी बसणारे सगळेच दाबतात, फरशीवर, जिथे पेडल नसतं तिथे. बसमध्ये तो पहिल्या सीटवरच्या बायकांना हे करताना बघून मनात हसायचा. आता त्याचा स्वतःचा उजवा पाय फरशीवर पडला होता, आणि पडला तेव्हा गाडीचा वेग आधीच मेलेला होता. पट्टा आधी रुतला होता. पाय नंतर आला होता.

त्याने पुन्हा करून बघितलं. शब्द त्याचाच होता. कधी म्हणायचा हे दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. या शर्यतीत पायाला हरायचं काही कारणच नव्हतं. तो मनाशी तयार झाला, मांडी ताणली, "दाब" म्हणाला, आणि कॉरलने तो ऐकून, समजून, तिच्या म्हाताऱ्या गुडघ्यातून खाली पाठवून, गाडी त्याच्या पायाच्या आधी अडवली. आणखी एकदा. आणखी एकदा. कॉरल काही न विचारता दाबत होती, सोडत होती. त्याला ही गोष्ट कुणावर तरी ढकलायची होती आणि आता गाडीत कुणी उरलं नव्हतं.

"अजून?" तिने विचारलं.

"नको. आता ब्रेक लावू नकोस. नुसती चालव, थंड होऊ दे."

ती चालवत राहिली. रस्ता पुढे पाण्याकडे जात होता. क्लेमने तोंड उघडलं आणि जे बोलायचं ते आलं नाही, दुसरंच आलं. शुक्रवारची बाई, संत्री, मागे कुणी हॉर्न वाजवला नाही ते, आणि रात्री त्या पट्ट्यांवर त्याला टिली दिसली ते. तो हे सगळं एका सुरात, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत गेला.

"ब्रेकला काही झालेलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"बरेच दिवस." मग ती म्हणाली, "मला वाटलं, तू सांगशील. आज सांगशील, उद्या सांगशील. प्रत्येक सोमवारी तुम्ही दोघं परत येईपर्यंत मी अंगणात उभी असते, क्लेम. तुला वाटतं मी झाडांना पाणी घालते."

त्याला तिचा राग येईल असं वाटलं होतं. आली ती लाज, आणि लाजेच्या खाली, अगदी तळाशी, एक निवांतपणा, ज्याची त्याला आणखीच लाज वाटली.

"परवा टिलीला तू आण," तो म्हणाला. आपला आवाज आधी आला की शब्द, याकडे त्याने लक्ष दिलं नाही. "आणि जोडीला आज मीच सांगतो. तू सांगू नकोस."

कॉरलने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते आणि वाहू लागले, पण तिने हात स्टिअरिंगवरून काढला नाही, वेग कमी केला नाही. पाण्यापाशी रस्ता वळला तशी तीही वळली, पाय नुसता उचलून, ब्रेकला न शिवता, आणि वळणात तो सीटवर जरासुद्धा हलला नाही.